जहाजाला नाव मिळाले, कुटुंबांचे काय?

२३ ऑगस्ट १९८९ रोजी मुंबईत एक समारंभ झाला. माझगाव गोदीत बांधलेले 'खुकरी' हे जहाज त्या दिवशी भारतीय नौदलात रीतसर दाखल झाले. अशा समारंभाचा विधी ठरलेला असतो. नियुक्त कप्तान जहाज ताब्यात घेण्याचा हुकूम वाचून दाखवतो, राष्ट्रगीताच्या सुरांत जहाजाच्या मागच्या डेकवर नौदलाचे निशाण पहिल्यांदा वर चढते आणि डोलकाठीवर एक लांब निमुळती पताका फडकू लागते. जहाज सेवेत असेपर्यंत ती पताका खाली येत नाही. तोवर गोदीतील एका क्रमांकाने ओळखला जाणारा पोलादाचा सांगाडा त्या क्षणापासून राष्ट्राचे जहाज होतो. तेव्हाचे संरक्षणमंत्री कृष्णचंद्र पंत समारंभास उपस्थित होते. त्यांच्या बरोबरीने मानाच्या जागी श्रीमती सुधा मुल्ला होत्या. अठरा वर्षांपूर्वी याच नावाच्या जहाजाबरोबर समुद्राच्या तळाशी गेलेल्या कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्या त्या पत्नी.

या प्रसंगाची आठवण आज काढण्याचे कारण आहे. मुंबईच्या नौदल गोदीत असे समारंभ आता वारंवार होतात. १५ जानेवारी २०२५ रोजी एकाच दिवशी 'सुरत', 'निलगिरी' आणि 'वाघशीर' अशी माझगाव गोदीत बांधलेली तीन जहाजे पंतप्रधानांच्या हस्ते राष्ट्राला अर्पण झाली. त्यांतील 'निलगिरी' आणि 'वाघशीर' ही नावे पूर्वीच्या, निवृत्त झालेल्या जहाजांची आहेत. जहाज जाते, पण त्याचे नाव पुढच्या जहाजाकडे येते, अशी नौदलाची परंपरा आहे. ती सुंदर आहे आणि तिला आमचा विरोध नाही. प्रश्न एवढाच आहे की जे जहाज माणसांसकट गेले, त्याचे नाव जेव्हा पुन्हा पाण्यावर येते, तेव्हा त्या माणसांच्या घरच्यांना राष्ट्राने नेमके काय दिलेले असते? मांडवात एक खुर्ची, की त्याहून अधिक काही?

'खुकरी'चा इतिहास थोडक्यात असा. १९५८ साली सेवेत आलेली ती ब्रिटिश बांधणीची एक लहान फ्रिगेट होती. पाणबुड्या हुडकणे हे तिचे काम. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री, दीवच्या किनाऱ्यापासून सुमारे ४० सागरी मैलांवर, पाकिस्तानच्या 'हंगोर' या पाणबुडीने सोडलेला टॉर्पेडो तिच्यावर आदळला आणि काही मिनिटांत जहाज बुडाले. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक, एकूण १९४ माणसे गेली. ६७ जण वाचले. दुसऱ्या दिवशी 'कचाल' या जहाजाने त्यांना पाण्यातून उचलले. कॅप्टन मुल्ला यांनी जहाज सोडले नाही. आपले जीवरक्षक जाकीट त्यांनी दुसऱ्याला दिले, असे वाचलेल्यांनी सांगून ठेवले आहे. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळाले. पाच दिवसांपूर्वी कराचीवरील हल्ल्याने ज्या नौदलाने विजय मिळवला होता, त्याच नौदलाला हा घाव बसला. ४ डिसेंबर हा आज नौदल दिन म्हणून साजरा होतो. ९ डिसेंबरची आठवण मात्र वाचलेले आणि मागे राहिलेले यांनीच प्रामुख्याने जपली आहे.

प्रस्तुत लेखक त्या वेळी गिरगावात शाळेत जाणारा मुलगा होता. खिडक्यांच्या काचांना लावलेले काळे कागद, भोंगा वाजला की चाळीच्या जिन्याखाली जमणारी मंडळी आणि रेडिओभोवतीची कोंडाळी त्याला आजही आठवतात. गिरगाव, दादर, परळ, लालबाग या वस्त्यांत कोकणातून आलेली घरे पुष्कळ. समुद्र ओळखीचा, त्यामुळे घरातले कोणी बोटीवर, कोणी गोदीत, कोणी नौदलात, हे नवलाचे नव्हते. 'खुकरी'ची बातमी आली तेव्हा चाळीतल्या बायकांनी पहिला प्रश्न विचारला तो जहाजाविषयी नव्हता. "आपल्यातला कोणी होता का गो तिच्यावर?" असा तो प्रश्न होता. युद्धाच्या बातमीकडे पाहण्याची ही दृष्टी शासकीय प्रसिद्धिपत्रकात सापडत नाही. पण तीच खरी माणसाची दृष्टी आहे.

बुडालेल्या जहाजावरील माणसाच्या घरी येणारे दुःख इतर सैनिकांच्या घरी येणाऱ्या दुःखाहून एका बाबतीत वेगळे असते. देह येत नाही. खांदा द्यायला काही नसते, राख नसते, दहाव्याला जायला नदीकाठ असला तरी नेण्यासारखे हाती काही नसते. 'बेपत्ता, मृत मानण्यात आले' असा कागद तेवढा येतो. आपल्या दिवाणी कायद्यात सात वर्षे ज्याची खबर नाही तो मेला असे मानले जाते. युद्धातील माणसांच्या बाबतीत सरकार इतके थांबत नाही, कारण थांबले तर निवृत्तिवेतनच सुरू होणार नाही. परंतु आईचे मन सरकारी हुकमाने चालत नाही. देह न मिळालेल्या मृत्यूला जाहीर विधीची गरज अधिक असते. म्हणूनच जहाजाला पुन्हा तेच नाव देण्याचा समारंभ हा केवळ लष्करी डामडौल आहे, असे आम्ही म्हणणार नाही. ज्यांना स्मशान मिळाले नाही त्यांना त्या दिवशी निदान एक ठिकाण मिळते. आपला माणूस गेला त्या जहाजाचे नाव शेकडो माणसांसमोर मोठ्याने उच्चारले जाते. कोरड्या डोळ्यांच्या तर्काने या गोष्टीची थट्टा करणारे काही पुरोगामी आम्ही पाहिले आहेत. त्यांनी एकदा अशा घरात जाऊन बसावे.

हे मान्य करूनही पुढचा प्रश्न विचारावाच लागतो. १९८९ च्या त्या मांडवात श्रीमती मुल्ला यांना मिळालेला मान सर्वस्वी योग्य होता. एका अर्थाने त्या १९४ घरांच्या वतीने तेथे होत्या. परंतु प्रतीक म्हणजे हिशेब नव्हे. गेलेल्यांपैकी दहांतील नऊ जण नौसैनिक होते: यंत्रखोलीतले, स्वयंपाकघरातले, तोफेवरचे, बिनतारी संदेशाच्या खोलीतले. पाण्याने मरताना पद पाहिले नाही. मागे राहिलेल्यांच्या वाट्याला येणाऱ्या पैशात मात्र पद पाहिले जाते, आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला न दिसणारी ही गोष्ट नाही.

युद्धात मृत्यू आलेल्याच्या कुटुंबास त्याच्या अखेरच्या वेतनाइतके, म्हणजे शंभर टक्के, उदार कुटुंबनिवृत्तिवेतन मिळते. सेवेमुळे पण युद्धाबाहेर मृत्यू आला तर विशेष कुटुंबनिवृत्तिवेतन सर्वसाधारणपणे साठ टक्के. सेवेशी संबंध नाही असे ठरले तर सामान्य कुटुंबनिवृत्तिवेतन तीस टक्के. ही प्रतवारी वरवर न्याय्य दिसते. पण तिच्यात दोन गोष्टी दडलेल्या आहेत. पहिली अशी की टक्के सर्वांना सारखे असले तरी ज्याचे टक्के काढायचे ते वेतन सारखे नसते. कनिष्ठ नौसैनिकाचे कुटुंब शंभर टक्क्यांतही अधिकाऱ्याच्या कुटुंबाच्या मागेच राहते. आणि वेतन कमी असल्याने त्या घरात बचत, स्वतःचे घर, शिकलेले नातेवाईक हे आधारही कमी असतात. जिवंतपणीची विषमता मृत्यूनंतर पिढीभर चालू राहते. दुसरी गोष्ट अशी की मृत्यू कोणत्या वर्गात बसतो हे ठरवण्याचा अधिकार कागद लिहिणाऱ्याच्या हाती असतो. शंभर आणि साठ यांतील चाळीस टक्के म्हणजे लालबागमधल्या एका घराचे भाडे, मुलीची शाळा आणि म्हातारीचे औषध.

या मुंबईतच त्याचा विचार करायला लावणारी घटना घडली. १४ ऑगस्ट २०१३ च्या रात्री नौदल गोदीत नांगरलेल्या 'सिंधुरक्षक' पाणबुडीत स्फोट झाले आणि आतील १८ जण मरण पावले. शत्रू नव्हता, युद्ध नव्हते. कुलाब्यापासून लालबागपर्यंतचे शहर दुसऱ्या दिवशीच्या स्वातंत्र्यदिनाच्या तयारीत होते. ओळख पटवण्यासाठी नातेवाइकांच्या रक्ताचे नमुने घ्यावे लागले. बंदरात मेलेला नौसैनिक रणात मेलेल्यापेक्षा कमी मेलेला असतो काय? ज्या कामगाराने गिरणीत यंत्रात हात गमावला त्याच्या नुकसानभरपाईसाठी आमच्या चळवळीने एके काळी भांडण केले, तेव्हा तत्त्व हेच होते: जोखीम जो पत्करायला लावतो त्याने जबाबदारीही घेतली पाहिजे. गणवेशामुळे हे तत्त्व बदलत नाही.

पैशांइतकाच महत्त्वाचा प्रश्न कुटुंबातील स्त्रीचा आहे. वीरपत्नी, वीरमाता ही संबोधने आपल्याकडे सढळ हाताने वाटली जातात. पण सरकारी नियम त्या वीरपत्नीकडे कसे पाहत होते? शौर्यपदकाबरोबर मिळणारा मासिक भत्ता विधवेने पुनर्विवाह केल्यास बंद होत असे. १९९५ साली त्यात सवलत दिली गेली ती अशी, की तिने मृत पतीच्या भावाशी लग्न केले तर भत्ता चालू राहील. म्हणजे तिने कोणाशी संसार करावा हे राष्ट्राने ठरवायचे, आणि पैसा घराबाहेर जाऊ नये याची काळजी घ्यायची! महात्मा फुले आणि महर्षी कर्वे यांच्या महाराष्ट्राला या अटीची लाज वाटायला हवी होती. ती अट रद्द झाली नोव्हेंबर २०१७ मध्ये. पंचवीस वर्षांच्या वयात विधवा झालेली १९७१ ची स्त्री तोपर्यंत सत्तरी ओलांडून गेली होती.

मुलांची गोष्ट याहून बोलकी आहे. डिसेंबर १९७१ मध्ये, युद्ध थांबल्याबरोबर, लोकसभेत सरकारने जाहीर केले की या युद्धात गेलेल्या, बेपत्ता झालेल्या किंवा अपंग झालेल्या सैनिकांच्या मुलांच्या शिक्षणाचा खर्च, म्हणजे शुल्क, वसतिगृह, पुस्तके, गणवेश, राष्ट्र उचलेल. हे वचन निवडणुकीच्या सभेतले नव्हते, संसदेतले होते. २०१७ साली सातव्या वेतन आयोगाच्या शिफारशींचा आधार घेऊन त्यावर महिना दहा हजार रुपयांची मर्यादा घालण्यात आली. संरक्षणाच्या लाखो कोटींच्या अंदाजपत्रकात त्यातून वाचणारी रक्कम नगण्य होती. नौदलप्रमुख अॅडमिरल सुनील लांबा यांनी स्वतः संरक्षणमंत्र्यांना लिहिले, देशभर संताप व्यक्त झाला आणि मार्च २०१८ मध्ये ती मर्यादा मागे घेण्यात आली. वाद मिटला हे बरेच झाले. पण यातून एक धडा घ्यायला हवा. ज्या सवलतीला कायद्याने हक्काचे रूप दिलेले नसते ती कोणत्याही आर्थिक वर्षात एका परिपत्रकाने आखडता येते. समारंभात दिलेला मान परत घेता येत नाही. परिपत्रकाने दिलेली मदत परत घेता येते. म्हणून सत्ताधाऱ्यांना समारंभ आवडतात.

तिसरी गोष्ट सत्याची. ज्याचा माणूस गेला त्याला तो का गेला हे कळण्याचा अधिकार आहे. 'खुकरी'चा वेग त्या रात्री कमी का ठेवला होता, पाण्याखालचा आवाज टिपणाऱ्या यंत्रावर युद्धाच्या ऐन धामधुमीत प्रयोग का चालू होता, जुन्या पल्ल्याच्या यंत्रांनिशी आधुनिक फ्रेंच बांधणीच्या पाणबुडीच्या मागावर ही जहाजे का धाडली गेली, यावर नौदलाच्या माजी अधिकाऱ्यांत अनेक वर्षे जाहीर वाद झाले. वाचलेल्यांच्या आठवणी मेजर जनरल इयान कार्डोझो यांनी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केल्या त्या २००६ साली, म्हणजे घटनेनंतर पस्तीस वर्षांनी. कोणा एका अधिकाऱ्याला दोषी ठरवण्याची आमची इच्छा नाही. जो जहाजाबरोबर गेला त्याने आपली जबाबदारी कोणत्याही चौकशीहून अधिक पूर्ण केली आहे. पण तुटपुंज्या साधनांनिशी माणसे पाठवण्याचा निर्णय जहाजावर होत नाही. तो मंत्रालयांत आणि अंदाजपत्रकांत होतो. तेथील जबाबदारी बुडत नाही, पण वरही येत नाही. जबाबदारी स्वीकारता येते याचे उदाहरणही नौदलानेच दिले आहे. २६ फेब्रुवारी २०१४ रोजी मुंबईजवळच्या समुद्रात 'सिंधुरत्न' पाणबुडीत अपघात होऊन दोन अधिकारी मरण पावले, तेव्हा नौदलप्रमुख अॅडमिरल डी. के. जोशी यांनी त्याच दिवशी पदत्याग केला. राजीनामा नौदलाच्या गणवेशातून आला. मंत्र्यांच्या खुर्च्या जागच्या जागी राहिल्या.

नावे चालू ठेवायची आणि माणसे विसरायची, ही खोड आपल्या राज्यकर्त्यांना जुनी आहे. गिरणगावाला तिचा अनुभव आहे. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी कुलाब्याच्या 'तलवार' या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रात निकृष्ट अन्न आणि वर्णद्वेषी अपमान यांविरुद्ध नौसैनिकांनी संप केला आणि तो जहाजाजहाजांवर पसरला. २२ फेब्रुवारीला मुंबईचा कामगार त्यांच्यासाठी रस्त्यावर आला. गोऱ्या सैन्याच्या गोळीबारात शहरात दोनशेहून अधिक माणसे मेली. परळच्या कमल दोंदे त्यांतल्याच. पुढे स्वातंत्र्य आले. 'तलवार' हे नाव स्वतंत्र भारताच्या नौदलाने एका फ्रिगेटला दिले, आणि २००३ साली रशियाहून आलेल्या दुसऱ्या जहाजालाही दिले. पण त्या संपामुळे बडतर्फ झालेल्या नौसैनिकांना स्वतंत्र भारताच्या नौदलाने परत घेतले नाही. नाव सेवेत राहिले, माणसे सेवेबाहेर. परळ-लालबागच्या ज्या घरांतून त्या दिवशी माणूस गेला, त्यांना कोणत्या समारंभाला बोलावणे आले?

म्हणून १९८९ च्या त्या जहाजाकडे आम्ही आणखी एका नजरेने पाहतो. ते ज्या हातांनी बांधले त्या हातांच्या नजरेने. माझगाव गोदी लालबागपासून दूर नाही. ती १९६० साली सरकारने ताब्यात घेतली, म्हणून त्या भागात निश्चित पगाराची नोकरी टिकली. शेजारीच १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकेक करून मुके होत असताना गोदीत 'खुकरी'च्या पत्र्यांचे सांधे जोडले जात होते. जहाज बांधणारा सांधेकरी, ते चालवणारा नौसैनिक आणि ते बुडाल्यावर मागे राहणारी आई हे तिघे बहुधा एकाच प्रकारच्या खोलीत राहतात. समारंभाच्या छायाचित्रात मात्र ते क्वचितच एकत्र दिसतात.

आणि हे तिघे एकाच देशात राहतात असेही नाही. 'हंगोर' पाणबुडी आज कराचीच्या सागरी संग्रहालयात उभी आहे. १९८९ ची 'खुकरी' बत्तीस वर्षे सेवा करून २३ डिसेंबर २०२१ रोजी विशाखापट्टणम येथे निवृत्त झाली आणि पुढे दीवला संग्रहालय म्हणून देण्यात आली; जिच्या नावाने ती होती ती जुनी 'खुकरी' त्याच किनाऱ्यासमोर तळाशी आहे. 'हंगोर' हे नावही पुन्हा पाण्यावर आले आहे: पाकिस्तानसाठी चीनमध्ये बांधलेल्या नव्या पाणबुडीचे जलावतरण एप्रिल २०२४ मध्ये त्याच नावाने झाले. १९७१ साली विशाखापट्टणमसमोर पाकिस्तानची 'गाझी' पाणबुडी आतल्या नव्वदहून अधिक माणसांसह बुडाली. त्यांतलेही कोणी परत गेले नाही, कोणाचा देह घरी गेला नाही. कराचीतल्या त्या आईचे दुःख आमच्या लालबागच्या आईपेक्षा निराळे नाही. हे म्हणण्याने देशाचे संरक्षण दुबळे होत नाही. जहाजे नव्या नावांनी आणि जुन्या नावांनी दोन्ही किनाऱ्यांवर उतरत राहतात. त्यांच्यावर माणसे मरू नयेत यासाठी जे राजकारण करावे लागते, ते मात्र कोणत्याच गोदीत बांधले जात नाही.

मग करायचे काय? आमच्या मते चार गोष्टींची मागणी धरली पाहिजे. एक: बुडालेल्या किंवा अपघातात गेलेल्या जहाजाचे नाव जेव्हा नव्या जहाजास दिले जाईल, तेव्हा गेलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबास, अधिकारी असो वा नौसैनिक, निमंत्रण आणि प्रवासखर्च हक्काने मिळावा, मांडवातील खुर्च्या पदानुसार लावू नयेत, आणि सर्वांची नावे वाचली जावीत. १९४ नावे वाचायला फारसा वेळ लागत नाही. दोन: कर्तव्यावर मृत्यू आलेल्यांच्या कुटुंबनिवृत्तिवेतनास पदनिरपेक्ष अशी एक सन्मान्य किमान रक्कम ठरवावी, युद्ध आणि अपघात यांतील दरी कमी करावी. तीन: मुलांच्या शिक्षणाचे १९७१ चे वचन परिपत्रकातून काढून कायद्यात आणावे. चार: युद्धविषयक कागदपत्रे साधारणतः पंचवीस वर्षांनी तपासून राष्ट्रीय अभिलेखागारात द्यावीत, असे धोरण संरक्षण मंत्रालयाने स्वतः जून २०२१ मध्ये जाहीर केले आहे. १९७१ ला पन्नासहून अधिक वर्षे झाली. त्या धोरणाप्रमाणे 'खुकरी'चे सर्व कागद कुटुंबांपुढे आणि जनतेपुढे यावेत.

कार्यकर्त्यांसाठीही एक काम आहे, आणि त्याला दिल्लीकडे पाहावे लागत नाही. आपल्या वॉर्डात, आपल्या गावात अशी घरे कोणती आहेत याची आपल्याला माहिती असते काय? निवृत्तिवेतनाचा कागद अडलेला आहे, हयातीचा दाखला बँकेने परत पाठवला आहे, वर्ग चुकीचा लावला गेला आहे, अशा गोष्टींसाठी म्हाताऱ्या बाया जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या बाकावर एकट्या बसतात. त्यांच्याबरोबर जाऊन बसणारा साथी हवा आहे. २६ जानेवारीला त्यांना शाल-श्रीफळ देणारे पुष्कळ आहेत. २७ तारखेला त्यांचा अर्ज लिहून देणारे कमी आहेत.

नवी 'खुकरी' पाण्यावर आली तेव्हा तिच्या डोलकाठीवर चढलेली पताका बत्तीस वर्षांनी सूर्यास्ताला सन्मानाने खाली घेतली गेली. जहाजाचे सेवाकार्य संपले, त्याचा हिशेब पूर्ण झाला. १९७१ च्या त्या रात्री ज्यांचा माणूस गेला त्यांचा हिशेब अजून उघडा आहे. तो पूर्ण करणे ही राष्ट्राने करावयाची कृपा नव्हे, ते देणे आहे. आणि थकलेले देणे मागण्यात कमीपणा नसतो.